फरशीपेक्षा स्वस्त पाय

नांदेडच्या त्या सामायिक प्रयोगशाळेच्या दारावर दोन पाट्या होत्या. वरची इंग्रजीत, चकचकीत, चित्रांची. बंद बूट, अॅप्रन, चष्मा, हातमोजे. यातलं एक जरी अंगावर नसेल तर आत येऊ नये, असं तिच्यावर लाल अक्षरात छापलेलं. खालची पाटी मराठीत, कुणीतरी हातानं रंगवलेली: पादत्राणे बाहेर काढावीत. दोन्ही एकाच दारावर, एकाच साहेबांच्या हुकमानं लागलेल्या. आणि आम्ही सगळे वरची वाचायचो अन् खालची पाळायचो.

हे लिहिताना मला अजून राग येतो. राग शांत झाल्यावर लिही, असं मला पुष्कळांनी सांगून पाहिलं. शांत झाल्यावर कोण कशाला लिहील?

आमच्याकडं जिथं फरशी आहे अन् एसी आहे तिथं चप्पल बाहेर काढतात. डॉक्टरच्या केबिनबाहेर, कॉम्प्युटर क्लासबाहेर, बँकेतल्या मॅनेजरच्या काचेबाहेर म्हातारी माणसं अजून चपला काढून उभी राहतात, कुणी सांगितलेलं नसतं तरी. आपली काळी माती पायाला चिकटून येते अन् साहेबाची फरशी घाण होते, ही लाज आम्हाला लहानपणीच शिकवलेली असते. मी चाकूर तालुक्यातल्या एका खेड्याची. शाळेतली कॉम्प्युटरची खोली आम्हाला दाखवली तेव्हा मास्तरांनी आधी पाय धुवायला लावले होते. कॉम्प्युटर चालू केलाच नाही, पण पाय मात्र स्वच्छ झाले.

नांदेडच्या प्रयोगशाळेत तीच रीत. मशीन महागडं, सरकारी निधीतून आलेलं, साऱ्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी मिळून वापरायचं म्हणून. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागायचं, झेंडूचा हार पडायचा. आम्ही ज्यांना प्रभारी सर म्हणायचो, ते पाहुण्यांना फिरवून दाखवताना म्हणायचे, 'देवघरासारखी ठेवलीय बघा लॅब.' खोटं नव्हतं ते. देवघरासारखीच होती. बाहेरच्यांनी उंबऱ्यावरून हात जोडावेत अशी.

बाहेरचे म्हणजे आम्ही. लातूर, चाकूर, अहमदपूर, हिमायतनगर, जिथं जिथं कॉलेज आहे पण मशीन नाही, तिथले. आम्हाला फक्त बुधवार. तोही गाइडचं पत्र, प्राचार्यांचं पत्र अन् प्रभारी सरांची मर्जी एकाच वेळी जमली तर. लातूरहून पहाटेच्या एसटीनं निघायचं, अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचायचं, तर दारात मामा सांगणार, 'आज मशीनची तब्येत बरी न्हाई, पुढल्या बुधवारी या.' मामा म्हणजे तिथले शिपाई. त्यांचा काय दोष? त्यांना जे सांगायला सांगितलं ते सांगायचे. आतून मशीनचा आवाज येत असायचा आणि मामा आमच्याकडं न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचे.

मी तेव्हा लातूरला संशोधन करत होते अन् विद्यार्थी संघटनेचं काम करत होते. खरं सांगायचं तर संघटनेचं जास्त. पत्रकं मीच लिहायचे. हॉस्टेलच्या पाण्यावर, एसटीच्या पासवर, परीक्षेच्या निकालावर. एका पानात बसलं पाहिजे, पहिल्या ओळीत माणूस थांबला पाहिजे, एवढं मला येत होतं.

माझी खोलीतली जोडीदारीण हिमायतनगरकडची. शेतकऱ्याची पोर, कमी बोलणारी, हट्टी. तिचं काम केळीच्या खांबावर चाललेलं. अर्धापूरच्या बाजूला केळीचा घड उतरवला की खांब तोडून बांधाला फेकून देतात. त्याचा रस कपड्यावर पडला की डाग जन्मात निघत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. ती म्हणायची, डाग निघत नाही म्हणजे रंग धरून ठेवायची ताकद आहे त्यात, मग ती रंगाऱ्याच्या कामी का येऊ नये? फेकलेले खांब पोत्यात घालून ती एसटीनं लातूरला आणायची. कंडक्टर विचारायचे, 'ताई, ह्याला तिकीट फाडू का आर्धं?'

त्या रसात कोणकोणते धातू आहेत ते मोजायचं होतं. ते मोजणारं मशीन नांदेडला. आधी आटवून जाळलेल्या रसाच्या राखेत नायट्रिक अॅसिड घालून तापवायचं, मग गाळून मशीनला द्यायचं. त्या आकड्यांशिवाय तिचं प्रकरण उभं राहत नव्हतं आणि तिची मुदतवाढ शेवटची होती. यंदा प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, इतकी वर्षं पाण्यात. घरचे तिच्यासाठी थांबलेच होते, झालं का, झालं का म्हणून. तेव्हा हे सगळं डोक्यात ठेवून पुढचं वाचा. तिला पोस्टरवर यायचं नव्हतं. तिला बुधवार पाहिजे होते.

त्या बुधवारी मी तिच्यासोबत गेले होते. दारात आम्ही दोघींनी चपला काढल्या. काढल्या म्हणजे हात आपोआप खाली गेला. आत फरशी नुकतीच पुसलेली, ओली, आरशासारखी. अॅसिड तापवायचं ते धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, त्यासाठीच ते असतं. पण त्या कपाटात मशीन ज्या खोक्यांतून आलं ती खोकी रचून ठेवलेली. गॅरंटीची खोकी, टाकायची नाहीत, अन् ठेवायला दुसरी जागा नाही. म्हणून सगळे कोपऱ्यातल्या टेबलावर खिडकी उघडून तापवायचे अन् चंचुपात्र चिमट्यात धरून खोली ओलांडून गाळायच्या टेबलापर्यंत न्यायचे. कुणालाच काही वाटायचं नाही. मलाही नाही.

ती चालताना ओल्या फरशीवर तिची टाच सरकली. पडली नाही ती. पात्र पडलं. अॅसिड तिच्या डाव्या पावलावर, बोटांच्या वरच्या बाजूला आलं.

ती ओरडली नाही. 'पाणी,' एवढंच म्हणाली. त्या खोलीत नळ होता, त्याला पाणी नव्हतं. मी बाहेर व्हरांड्यात पळाले, पिण्याच्या थंड पाण्याचा जार होता तो उचलला, ओढत आणला, अन् तिच्या पायावर ओतत राहिले. मामा दुसरा जार घेऊन आले. कुणीतरी म्हणालं चुना लावा, कुणीतरी म्हणालं हळद. मी त्यांना काय म्हणाले ते इथं लिहिता यायचं नाही. पायाची कातडी पिवळी पडत चाललेली मला दिसत होती. नायट्रिक अॅसिडनं कातडी पिवळी पडते, हे बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला वाचलेलं. पुस्तकात ते सुबक वाटलं होतं.

आवाज ऐकून प्रभारी सर आले. दारात उभे राहिले. पायात मोजे, बूट बाहेर काढलेले. त्यांनी खाली पाहिलं, पाण्याचं तळं पाहिलं, आणि विचारलं, 'मशीनवर काही उडालं का?'

मी हे वाक्य नंतर पत्रकात घातलं तेव्हा पुष्कळांना वाटलं, मी रचलंय. मी पत्रकं लिहिते, पण असलं वाक्य रचायची माझी हिंमत नाही.

सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग करणाऱ्या डॉक्टरांनी तिला विचारलं, अॅसिडचं काम करताना पायात काही नव्हतं का? ती म्हणाली, नव्हतं, काढून ठेवलं होतं. डॉक्टरांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांच्याही केबिनबाहेर चपलांचा ढीग होता.

आठवडा उलटायच्या आत तिच्या फोनवर प्रयोगशाळेच्या ग्रुपवरून सूचना आली. सुरक्षा नियमांचं उल्लंघन करून, बंद बूट न घालता प्रवेश केल्याबद्दल तिचा प्रवेश स्थगित करण्यात येत आहे. स्वतःच्या निष्काळजीपणामुळं अपघात झाला, असं लेखी दिल्यास पुनर्विचार होईल. खाली ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी होकाराचे अंगठे टाकलेले. बूट काढून आत जाणारे अंगठे.

मी ती सूचना वाचली अन् माझं डोकं फिरलं. ज्या पाटीवर वर्षानुवर्षं धूळ बसली होती ती पुसून तिच्या तोंडावर धरली होती. ज्या पाटीनं तिचा पाय उघडा केला तिचं कुठं नाव नाही. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला घेतलं. पहिली ओळ: 'सामायिक प्रयोगशाळा कुणाच्या बापाची?' खाली मागण्या. प्रवेश तत्काळ द्या. बुधवारची अट रद्द करा. सुरक्षेच्या नावाखालच्या जाचक अटी रद्द करा.

ती पाय उशीवर ठेवून पडली होती. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटची मागणी ऐकून ती म्हणाली, 'हे खोड.'

मी म्हणाले, का?

'अट रद्द कशाला करून राहिलीस? ती अट पाहिजे मला. ती अट खरी असती तर माझा पाय वाचला असता. त्यांना म्हण, पाळा. सगळ्यांनी पाळा. अन् दार उघडं ठेवा.'

मला ते पटायला वेळ लागला, कारण पत्रकात 'रद्द करा' हे फार चांगलं बसतं अन् 'पाळा' हे सरकारी जाहिरातीसारखं दिसतं. नियम म्हणजे वरच्यांनी खालच्यांना अडवायला केलेली युक्ती, असं मी तोवर धरूनच चालले होते. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण इथं नियम आमचा होता. साहेबांची होती ती रीत. मी खोडलं. 'नियम पाळा' लिहिलं. वाचायला बेचव लागलं, तसंच छापलं.

गाइड सर भले माणूस, पण घाबरट. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, लिहून दे की बाई दोन ओळी, कुणाच्या बापाचं काय जातंय, तुझं काम तर होईल. त्यांचीही बाजू मला कळते. त्यांना दरवर्षी नांदेडलाच पोरं पाठवायची होती. पण असं सांगताना ते स्वतः लातूरच्या आमच्या प्रयोगशाळेत अनवाणी उभे होते, अन् आम्हीही दोघी. ती त्यांच्या पायांकडं बघत राहिली. ते म्हणाले, 'बरं, विचार कर,' आणि चप्पल शोधायला बाहेर गेले.

खोलीवर आमचं भांडण झालं. मी म्हणाले, सही केलीस तर मी तोंड बघणार नाही तुझं. ती म्हणाली, 'तुझं काय जातंय. तुला पत्रक मिळालं. मला आकडे पाहिजेत.' मी म्हणाले, आज तू लिहून दिलंस की उद्या दुसऱ्या पोरीचा डोळा गेला तरी तिच्याकडून हेच लिहून घेतील. ती म्हणाली, मला कळत नाही का ते? कळतं म्हणूनच झोप लागत नाही. सकाळी तिनं चहा केला अन् माझ्यासाठी झाकून ठेवला, म्हणजे सही केलेली नव्हती.

आम्ही पत्रकं वाटली. लातूरला कॉलेजांच्या गेटवर, नांदेडला विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये. पोरं वाचून हसायची. 'बूट घालू द्या' असं आंदोलन त्यांनी ऐकलेलं नव्हतं. एकानं मला विचारलं, 'ताई, सँडलला पण पाठिंबा हाय का?' मी त्याला सांगितलं, सँडलला नाही, बोटं उघडी राहतात. तो आणखी हसला. पण पत्रक खिशात घातलं त्यानं.

पत्रकाचा परिणाम म्हणा की एका वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळी आल्या त्याचा, प्रभारी सरांना चौकशी लावावी लागली. तीन जणांची समिती. स्वतः प्रभारी सर, दुसऱ्या विभागातल्या एक वयस्कर मॅडम, आणि निवृत्त झालेले एक अधिकारी, ज्यांना अशा समित्यांवर घेतात. ज्यांच्याविरुद्ध तक्रार तेच समितीत, हे सांगायला मी तोंड उघडलं तर मला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर म्हणजे व्हरांड्यात, प्रयोगशाळेच्या दारासमोरच्या बाकावर. त्यामुळं पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. उपकारच झाले.

आधी त्यांनी तिला ऑफिसात बसवून विचारलं. नंतर अपघाताची जागा पाहायची ठरली. चौघं व्हरांड्यातून आले. ती मागं, लंगडत. तिच्या पायात तिच्या भावाचे खेळायचे बूट होते, कारण ड्रेसिंग केलेला पाय तिच्या मापाच्या बुटात जात नव्हता. दुसऱ्याही पायात त्याच मापाचा, नाड्या घोट्याला गुंडाळून बांधलेला. चालताना फटफट वाजत होते.

दाराशी आले. प्रभारी सर बोलता बोलता वाकले आणि बूट काढले. अधिकाऱ्यांनी भिंतीला हात टेकवून एकेक बूट काढला. मॅडमनी चपला काढून सरळ जोडून ठेवल्या. सगळे बोलत होते, कोणाचंही लक्ष नव्हतं. हात आपोआप खाली जातो ना, तसाच गेला. डोक्यावर ती लाल अक्षरांची पाटी.

तिघं आत गेले. ती उंबऱ्यावर थांबली. मामा सवयीनं हळूच म्हणाले, 'ताई, तेवढं बूट…'

'काढत न्हाई, मामा,' ती म्हणाली.

आतून प्रभारी सर म्हणाले, काय झालं, या की आत.

ती म्हणाली, 'सर, मी बुटावर येऊ का?'

सरांनी नकारानं मान हलवली. म्हणाले, फरशी आताच पुसलीय, पाहुण्यांसाठी, जरा काढूनच ये. हे वाक्य तोंडातून निघून गेल्यावर त्यांना ते ऐकू आलं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. मॅडमना त्यांच्याआधी कळलं होतं. त्या स्वतःच्या पायांकडं बघत होत्या. ओल्या फरशीवर, पायाची बोटं आखडून.

ती म्हणाली, 'मी त्या दिवशी पण काढूनच आले होते. असंच सांगितलं होतं. आता तुम्ही लिहा काय लिहायचं ते.'

अधिकारी खोकले. मॅडम आधी बाहेर आल्या आणि चपला घालायला लागल्या, मग थांबल्या, चपलेतल्या आपल्या उघड्या बोटांकडं पाहिलं अन् म्हणाल्या, 'म्हणजे माझ्यानं आत जाताच येत नाही. चपलेवर नाही अन् अनवाणी पण नाही.' त्या हसल्या, पण गमतीनं नाही. समितीची पुढची बैठक व्हरांड्यात झाली, माझ्या बाकावर. मला उठावं लागलं.

ते आत असतानाच मी मोबाइल काढून दारासमोरच्या जोड्यांचा फोटो घेतला होता. दोन बुटांचे जोड, एक चपलांचा, वरती पाटी. नंतरच्या पत्रकात मी फक्त तो फोटो छापला, एक शब्द घातला नाही. माझ्या सगळ्या पत्रकांत तेच जास्त फिरलं, हे लिहिणारीला बरं वाटण्यासारखं नाही.

आता कुणाला वाटेल, न्याय झाला. थांबा.

निकाल असा लागला. खालची पाटी काढण्यात येत आहे. कपाटातली खोकी हलवण्यात येत आहेत. विद्यार्थिनीचा प्रवेश तिच्या मुदतीपर्यंत पूर्ववत करण्यात येत आहे. चूक कुणाची, याबद्दल चकार शब्द नाही. तिच्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख पुन्हा कधी आलं नाही, त्याबद्दल कुणी साधं वाईट वाटलं म्हटलं नाही. आणि शेवटी, सुरक्षेच्या दृष्टीनं, बाहेरच्या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांची नवीन नोंदणी पुढील आदेशापर्यंत बंद. त्यांनी नमुने पाठवावेत, अहवाल मेलवर मिळेल.

म्हणजे बघा. एका पोरीचा पाय भाजला तो त्यांच्या रितीनं, अन् दार बंद झालं ते तालुक्याच्या सगळ्या पोरांना. नमुना आला पाहिजे, पोरगं आलं नाही पाहिजे. मशीनला हात न लावता केमिस्ट्री शिका. मग मुलाखतीत विचारतील, हे मशीन चालवता येतं का? आणि आमच्या पोरांनी मान खाली घालायची. यालाच ते सुरक्षा म्हणतात. माझं नाव त्या पत्रकांवर होतं म्हणून मला आवारातही बंदी झाली. माझं सोडा, मला सवय आहे.

नवीन नियमांचा एक कागद मात्र निघाला. कुठल्या तरी मोठ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून जसाच्या तसा उतरवलेला, न वाचता, कारण वाचला असता तर त्यांनी एक कलम खोडलंच असतं. ते असं: अॅसिडचं काम कुणीही एकट्यानं करू नये. संपूर्ण वेळ एक सोबती खोलीत हजर असावा, त्यानं काम पाहावं अन् गरज पडल्यास मदत करावी. सोबती कुठल्या कॉलेजचा असावा, याबद्दल कागदात काही नव्हतं.

तिनं ते दोनदा वाचलं. खूप दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर मला हसू दिसलं. 'मला नियम पाळायचा हाय,' ती म्हणाली.

पहिल्या बुधवारी तिनं सोबत नेलं ते चाकूरच्या कॉलेजातल्या एमएस्सीच्या पोरीला. माझ्या गावाजवळची, मीच शोधून दिलेली. मी आवाराच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिले, आत काय झालं ते मला दोघींनी नंतर सांगितलं. प्रभारी सरांनी विचारलं, ही कोण? ती म्हणाली, सोबती. सर म्हणाले, बाहेरच्यांची नोंदणी बंद आहे. ती म्हणाली, हिला नोंदणी नको सर, हिला मशीनही नको, ही नुसती माझ्याकडं बघणार. सरांनी कागद मागवला. वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, हिच्या पायात बूट आहेत का? पोरीनं पाय पुढं केला. नवे होते, कडक, तिला चावत होते.

ती चाकूरची पोरगी दिवसभर आत उभी राहिली. काय किती घालायचं, कधी उकळी थांबवायची, मशीनचं नळकांडं कसं धुवायचं, पडद्यावरची रेघ कधी खरी अन् कधी खोटी, सगळं पाहिलं. परत येताना एसटीत ती इतकं विचारत होती की कंधारच्या फाट्यापर्यंत माझ्या जोडीदारणीचा घसा बसला. पुढच्या बुधवारी अहमदपूरचा एक पोरगा. त्याच्या पुढं हिमायतनगरची तिच्याच गावाकडची एक. दर वेळी नवा सोबती. मामा आता दारात बूट तपासायचे अन् हळूच विचारायचे, 'आजचा पावना कुठला?'

पण रागाचं काय? राग आहे तिथंच आहे. हे लिहीत असताना ती नोंदणी अजून बंद आहे. नियम पाळण्यासाठी आम्हाला चोरवाट शोधावी लागली, आणि तीसुद्धा त्यांच्या आळसानं उघडी राहिलेली. ज्या पोरांना हक्कानं आत जायचं ती कुणाचे तरी सोबती म्हणून गेली. नुसतं बघायला. याला मी विजय म्हणत नाही, अन् संघटनेतल्या कुणी म्हटलं तर त्याच्याशी भांडते.

तिचे आकडे झाले. प्रकरण उभं राहिलं. प्रबंध जमा झालाय, म्हणून आता हे लिहायला हरकत नाही.

आकडे झाले ते मुदत संपायच्या पुष्कळ आधी. मला ते ठाऊक नव्हतं. मी एका बुधवारी पहाटे तिला बॅग भरताना पाहिलं अन् विचारलं, अजून किती राहिलंय तुझं? आता तर लिहायला बसायला पाहिजेस.

ती बुटाची नाडी बांधत होती. 'माझं मागंच झालं की,' ती म्हणाली. 'देगलूरची एक पोरगी नांदेडच्या स्टँडवर येऊन थांबणार हाय. चल, उशीर होतोय.'